मोजून उतरलेला पाऊस आणि न उगवलेले बी



पावसाने ओढ दिली की आपल्या घरांत, मशिदीच्या अंगणात आणि बाजारात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. काही जण म्हणतात की अमुक गावावर, अमुक लोकांवर अल्लाहचा कोप झाला आहे, म्हणून त्यांचे शिवार कोरडे राहिले. दुसरे काही जण म्हणतात की हा सारा समुद्राच्या तापमानाचा आणि वाऱ्यांचा खेळ आहे, यात दुआ आणि तौबा यांचा काय संबंध? पहिल्या बोलण्याने आधीच पिचलेल्या शेतकऱ्याच्या जखमेवर मीठ चोळले जाते. दुसऱ्याने माणसाचे हृदय आपल्या पालनकर्त्यापासून तुटते. या दोन्ही टोकांपासून कुरआन आपल्याला वाचवितो, आणि त्यासाठी तो आपले लक्ष पुन्हा पुन्हा पाऊस, बीज आणि वृक्ष यांच्याकडे वेधतो.

सूरह अज-जुखरुफमध्ये (४३:११) आणि सूरह अल-मोमिनूनमध्ये (२३:१८) अल्लाहने सांगितले आहे की आकाशातून पाणी एका ठराविक मापाने उतरविले जाते. दुसऱ्या ठिकाणी तर पुढे हेही बजावले आहे की ते पाणी जमिनीत मुरवून ठेवणारा ते काढून घेण्यासही समर्थ आहे. सूरह अल-हिज्रमध्ये (१५:२१) सांगितले आहे की प्रत्येक वस्तूचे भांडार अल्लाहपाशी आहे आणि ती ज्ञात मापानेच खाली उतरते. माप या शब्दात तीन गोष्टी सामावलेल्या आहेत : किती, केव्हा आणि कोठे. आपण सामान्यपणे पहिल्याच गोष्टीचा विचार करतो. पाऊस जास्त झाला तर कृपा, कमी झाला तर वंचना, असा आपला सरळ हिशेब असतो. परंतु रानातील वृक्ष, ज्यांना कोणी पाणी घालत नाही आणि ज्यांची पेरणी कोणी करत नाही, ते या हिशेबाला खोटे ठरवितात.

बोर्निओ हे इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले विशाल बेट आहे. या तिन्ही देशांत कोट्यवधी मुस्लिम बांधव राहतात. या बेटावरील सदाहरित अरण्यांत डिप्टेरोकार्प कुळातील महावृक्षांचे राज्य आहे. या नावाचा अर्थ दोन पंखांचे फळ असा होतो. फळाला खरोखरच पाकळ्यांसारखे पंख असतात आणि ते उंचावरून भिरभिरत खाली येते. यांपैकी कित्येक वृक्ष ५० मीटरहून अधिक उंच वाढतात. अरबस्तानात प्राचीन काळी मोठ्या किमतीने विकला जाणारा सुमात्रातील बारूस बंदराचा कापूर याच कुळातील एका वृक्षापासून मिळत असे. आज आपल्या घरात येणारा कापूर वेगळा. सूरह अद-दहरमध्ये (७६:५) सदाचारी लोकांच्या पेयात काफूर मिसळलेला असेल असे वर्णन आले आहे. ते स्वर्गातील काफूर कसे असेल, हे अल्लाहच जाणतो. पण त्या शब्दाचा सुगंध अरबांना ज्या व्यापारी वाटांनी परिचित झाला, त्यांतील एक वाट या पूर्वेकडील अरण्यांतून येत होती.

या अरण्यांत आपल्याकडच्यासारखे पावसाळा आणि उन्हाळा असे ठळक ऋतू नाहीत. वर्षाच्या बाराही महिन्यांत पाऊस पडतो. कोणालाही वाटेल की इतके पाणी मिळणारा वृक्ष दरवर्षी फळांनी लगडत असेल. प्रत्यक्षात मात्र हे वृक्ष वर्षानुवर्षे फुलत नाहीत. पाऊस भरपूर असतो, पाने हिरवीगार असतात, पण फांदीवर एक कळी दिसत नाही. मग साधारणपणे २ ते १० वर्षांच्या अनियमित अंतराने एक वर्ष असे येते की शेकडो मैलांच्या परिसरातील निरनिराळ्या जातींचे वृक्ष काही आठवड्यांच्या अवधीत एकदम बहरतात, आणि काही महिन्यांनी सबंध अरण्याची भूमी बियांनी झाकली जाते.

हा संकेत त्यांना कोण देतो? मलेशियातील सारावाक राज्यात लांबीर हिल्स येथील अरण्यात संशोधकांनी अनेक वर्षे फुलोऱ्याची आणि पावसाची नोंद ठेवली. त्यांना असे आढळले की मोठ्या बहरापूर्वी काही आठवडे पावसाने दडी मारलेली असते. मलेशियाच्या द्वीपकल्पातील पासोह येथील अरण्याच्या अभ्यासात पावसाची उणीव आणि हवेतील गारवा, या दोहोंचा संयोग महत्त्वाचा दिसून आला. तपशिलात भेद असला तरी मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. ज्या वृक्षांना पाणी सदैव मिळते, त्यांना बीज धरण्यासाठी थोड्या काळाची उणीव लागते. मुबलक पाण्याने पाने वाढविली. कळीला जाग आणली ती रोखलेल्या पावसाने.

याचे लहानसे उदाहरण कोकणातील वाचकांच्या परसातच उभे आहे. पावसाळा संपल्यावर कोरडी हवा आणि थंडी मिळाली की रायवळ आंब्याला मोहोर फुटतो. जमीन ओलीच राहिली तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढत बसते, आणि मोहोर आल्यावर अवकाळी पाऊस झाला तर तो काळा पडून गळतो. तेच पाणी जून महिन्यात रहमत असते आणि जानेवारीत नुकसान. पाणी बदललेले नाही. वेळ बदलली आहे.

बोर्निओच्या वृक्षांनी वर्षानुवर्षे रिकामे राहण्यातही एक हिकमत अभ्यासकांना दिसते. बिया खाणारे प्राणी अनेक आहेत : रानडुकरांचे कळप, पोपट, कीटक, आणि तेंगकावांग नावाच्या तेलबिया गोळा करणारी माणसेही. दरवर्षी थोड्या बिया पडल्या असत्या, तर त्या सर्व खाऊन संपल्या असत्या. पण मधली वर्षे उणिवेची गेल्यामुळे खाणाऱ्यांची संख्या मर्यादित राहते, आणि बहराच्या वर्षी इतक्या बिया पडतात की सर्वांची पोटे भरूनही काही शिल्लक राहतात. त्या शिल्लक बियांतून पुढची पिढी उगवते. म्हणजे रिकाम्या वर्षांनीच भरलेल्या वर्षाचे रक्षण केलेले असते. ज्याला आपण खंड म्हणतो, तो त्या योजनेचा एक भाग आहे.

मात्र यावरून उणीव ही नेहमीच हितकारक असते, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच कुळातील एक वृक्ष आपल्या देशात आहे. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा आणि मध्य प्रदेशातील वनांत उभा असलेला साल. त्याच्या बिया साधारण मेअखेरीपासून जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिकून गळतात आणि जेमतेम आठवडाभर उगवण्याजोग्या राहतात. त्या अवधीत पाऊस आला तर ओल्या मातीत कोंब फुटतो. पाऊस लांबला तर तेच बी जमिनीवर पडल्या पडल्या निर्जीव होते. पुढे कितीही जोराचा पाऊस झाला, तरी त्या बियांना त्याचा उपयोग नाही. एका वृक्षाला थांबलेला पाऊस जागे करतो, त्याच्याच आप्त वृक्षाचे बी थांबलेल्या पावसाने मरते. सूरह अर-रअदमध्ये (१३:४) अल्लाहने आपले लक्ष याच गोष्टीकडे वेधले आहे. जमिनीचे तुकडे एकमेकांना लागून असतात, त्यांना पाणी एकच मिळते, तरी फळांमध्ये एकाला दुसऱ्यापेक्षा सरस केले जाते. आणि यात बुद्धीचा उपयोग करणाऱ्यांसाठी संकेत आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पावसाची आणि बियांची अशी कारणे शोधणे हे ईमानाच्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही. मदीनेतील लोक खजुराच्या नर फुलांचा पराग मादी फुलांना देत असत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याविषयी आपले एक मत व्यक्त केले. लोकांनी ती रीत सोडली आणि पीक कमी आले. तेव्हा आपण (स.) सांगितले की आपल्या ऐहिक व्यवहारांतील अशा गोष्टी लोकच अधिक जाणतात. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. कारणे जाणण्याची, अनुभवाने शिकण्याची वाट पैगंबरांनी (स.) स्वतः मोकळी ठेवली.

त्याचबरोबर हुदैबियाची ती पहाटही आपण आठवावी. रात्री पाऊस पडून गेला होता. फज्रच्या नमाजनंतर पैगंबर (स.) यांनी सहाबांना सांगितले की, अल्लाहच्या कृपेने पाऊस झाला असे म्हणणारा अल्लाहवर ईमान राखणारा आहे, आणि अमुक नक्षत्राने पाऊस दिला असे म्हणणारा नक्षत्रावर विश्वास ठेवणारा आहे. हजरत जैद बिन खालिद (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नक्षत्राच्या जागी आज कोणी समुद्राचे तापमान ठेवले, तरी शिकवण तीच राहते. वारा आणि सागर हे कारण आहेत, कर्ता नव्हेत. दुतोंडी चूक टाळायची असेल तर मोमिनाने कारणाचा अभ्यास करावा आणि हात मात्र कारणांच्या मालकापुढे पसरावेत.

आता पहिल्या टोकाकडे वळू. दुष्काळ म्हणजे त्या भागातील लोकांवर कोप, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? प्रशांत महासागराचे पाणी तापते त्या स्थितीला अल निनो म्हणतात. तिच्यामुळे बोर्निओत कोरडा काळ येतो आणि भारतातील पावसावरही तिचा परिणाम होतो. २००२ आणि २००९ या अल निनोच्या वर्षी आपल्या देशात मोठी तूट पडली. परंतु १९९७ साली, जेव्हा गेल्या शतकातील सर्वांत प्रबळ अल निनोंपैकी एक उद्भवला होता, तेव्हा भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या आसपास झाला. त्या वर्षी आपण अधिक पुण्यवान होतो आणि २००२ साली अधिक पापी झालो, असे कोण म्हणेल? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. ज्या शहरांच्या नळांना तेव्हा पाणी होते, त्या शहरांचे लोक लातूरकरांपेक्षा अल्लाहला अधिक प्रिय होते काय?

याहून मोठा पुरावा स्वतः मदीनेचा आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की जुम्याच्या दिवशी पैगंबर (स.) खुत्बा देत असताना एक मनुष्य आला आणि गुरे मरत आहेत, वाटा बंद पडल्या आहेत, आपण दुआ करावी, असे म्हणाला. पैगंबरांनी (स.) हात उंचावून दुआ केली आणि पाऊस सुरू झाला तो आठवडाभर थांबला नाही. पुढच्या जुम्याला पुन्हा विनंती आली की आता घरे कोसळत आहेत. तेव्हा आपण (स.) पाऊस आमच्यावर नको, आमच्या सभोवती, टेकड्यांवर, दऱ्यांत आणि झाडे उगवतात त्या ठिकाणी पडो, अशी दुआ केली. विचार करा. ज्या नगरात अल्लाहचे पैगंबर (स.) हयात होते आणि जेथे मानवजातीतील श्रेष्ठ सहाबा राहत होते, त्या नगरानेही दुष्काळ पाहिला. मग दुष्काळ हा अल्लाहने टाकून दिल्याचा शिक्का कसा असू शकेल? सूरह अल-बकरहमध्ये (२:१५५) अल्लाहने आधीच सांगून ठेवले आहे की भय, भूक आणि धन, प्राण व फळे यांच्या हानीने परीक्षा घेतली जाईल, आणि शुभवार्ता धीर धरणाऱ्यांसाठी आहे. दुष्काळात प्रत्येकाने आपल्या गुनाहांची तौबा करावी. हजरत नूह (अलै.) यांनी आपल्या लोकांना क्षमायाचनेबरोबर पावसाची आशा दाखविली होती (७१:१०-१२). परंतु तौबा ही आपली असते. शेजाऱ्याच्या पापांचा हिशेब करणे हे आपले काम नव्हे. हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमधील दुसरी दुआही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पैगंबरांनी (स.) पाऊस बंद व्हावा असे मागितले नाही, तो योग्य जागी पडावा असे मागितले, आणि त्या जागांत झाडांच्या जागेचा उल्लेख केला.

येथवर आपण अल्लाहच्या मापाचा विचार केला. आता माणसाच्या हाताचा विचार करू, कारण खरा धोका तेथे आहे.

बोर्निओच्या पश्चिम भागात, इंडोनेशियाच्या हद्दीत, गुनुंग पालुंग नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. लिसा करन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वृक्षांच्या बहराचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९९७-९८ च्या अल निनोने पाऊस रोखला. नेहमीच्या रीतीप्रमाणे वृक्षांनी तो संकेत ओळखला, १९९८ साली बहर आला आणि बिया पडल्या. त्यानंतर नवीन रोपांचा शोध घेतला, तेव्हा ती जवळजवळ नव्हतीच. कारण उद्यानाच्या सभोवतालचे अरण्य लाकडासाठी तोडले गेले होते, जमिनी साफ केल्या गेल्या होते, आणि त्या कोरड्या काळात मोठे वणवेही भडकले होते. बाहेर अन्न न उरल्याने चोहोबाजूंचे प्राणी उरल्यासुरल्या अरण्यात लोटले आणि त्यांनी पडलेले बी संपवून टाकले. विस्तीर्ण अरण्यात जे बी सर्वांना पुरून उरत असे, ते आकसलेल्या अरण्यात कोणालाच पुरले नाही. या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ज्या कोरड्या काळाने युगानुयुगे त्या अरण्याला नवी पिढी दिली, तोच काळ आता विनाशाचे निमित्त होऊ लागला होता.

आकाशाने आपले माप पाळले होते. वृक्षांनी आपले कर्तव्य केले होते. बी पडलेही होते. तुटली ती माणसाकडे सोपविलेली कडी. सूरह अर-रूममध्ये (३०:४१) सांगितले आहे की भूमीवर आणि सागरात बिघाड माजला तो लोकांच्या हातांच्या कमाईमुळे, जेणेकरून त्यांना आपल्या काही कृत्यांची चव कळावी आणि कदाचित ते परत फिरावेत.

अशा वेळी सहीह मुस्लिममधील एक हदीस अंतःकरण हलवून सोडते. हजरत अबू हुरैरह (रजि.) यांच्या कथनानुसार पैगंबर (स.) यांनी सांगितले की पाऊस न पडणे हा खरा दुष्काळ नव्हे, पाऊस पडत राहावा, पुन्हा पडत राहावा आणि जमिनीने काहीच उगवू नये, हा दुष्काळ आहे. आपण पावसाच्या आकड्यांवरून दुष्काळ मोजतो. पैगंबरांनी (स.) तो उगवण्यावरून मोजला. ही हदीस केवळ शेतापुरती मर्यादित आहे काय? एखाद्या घरात पैशांचा पाऊस पडतो आणि त्यातून एकही यतीम वाढत नाही, एखाद्या वस्तीत खुत्बे आणि जलसे सातत्याने होतात आणि तरी भावाभावांतील वैर मिटत नाही, तर तेथेही दुष्काळच आहे.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, पाऊस लांबला तर इस्तिस्काच्या नमाजसाठी नम्रतेने एकत्र यावे आणि दुआला कर्माची जोड द्यावी. पैगंबर (स.) सुमारे पाऊण लिटर पाण्यात, म्हणजे एका मुद्द मापात, वुजू करीत, असे बुखारी आणि मुस्लिममध्ये नमूद आहे. एकीकडे पावसासाठी हात उचलायचे आणि दुसरीकडे वुजूखान्याचा नळ पूर्ण सोडून ठेवायचा, हे त्या दुआशी विसंगत आहे.

दुसरी गोष्ट, भरलेल्या वर्षाने रिकाम्या वर्षाची सोय करावी. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुबत्तेच्या सात वर्षांतील धान्य कणसातच राखण्याचा सल्ला दिला होता (१२:४७). बहराच्या वर्षी अरण्यही सर्वांना खाऊ घालून पुढच्या पिढीपुरते शिल्लक ठेवते. शेती करणाऱ्या घराने चांगल्या वर्षी लग्नकार्यातील डामडौल टाळून काही बाजूला ठेवावे. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा आणि सिंचन करून घेतलेल्या पिकाचा विसावा भाग हा गरजूंचा हक्क आहे. कुरआनने तो कापणीच्याच दिवशी देण्याची आज्ञा केली आहे आणि उधळपट्टीला मनाई केली आहे (६:१४१). भाव चढण्याची वाट पाहत धान्य दाबून ठेवणारा गुनाहगार आहे, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे.

तिसरी गोष्ट, सूरह अत-तौबामध्ये (९:६०) जकातचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला मनुष्यही आहे. पीक गेल्यामुळे सावकाराच्या दारी उभा असलेला बांधव आपल्या जमातीत असेल, तर रमजानची वाट न पाहता त्याला गाठावे. कोपाची भाषा ऐकून तो आणखी एकटा पडतो, आणि एकटेपणात निराशा माणसाला कोठवर नेते, हे मराठवाडा आणि विदर्भातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याला सांगावे की रिकामे वर्ष म्हणजे त्याच्या जीवनाचा शेवट नव्हे, आणि हे सांगताना रिकाम्या हाताने जाऊ नये.

चौथी गोष्ट, झाड लावावे आणि उभे झाड राखावे. मुस्लिमाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या शेतातून पक्षी, माणूस अथवा जनावर जे काही खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे पैगंबरांनी (स.) शिकविले. कब्रस्तानाच्या आणि ईदगाहच्या मोकळ्या जागेत वड, जांभूळ, कडुनिंब वाढू शकतात. पहिली दोन-तीन वर्षे पाणी देण्याची जबाबदारी मोहल्ल्यातील मुलांना वाटून द्यावी, म्हणजे बीज, पाऊस आणि माप यांचा धडा त्यांना पुस्तकाविना मिळेल.

सूरह अल-बकरहमध्ये (२:२६५) अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी खर्च करणाऱ्यांना उंचवट्यावरील बागेची उपमा दिली आहे. तिच्यावर जोराचा पाऊस पडला तर ती दुप्पट फळ देते, आणि जोराचा पाऊस नाही झाला तर हलकी सरही तिला पुरते. पाऊस किती पडावा हे त्या बागेच्या हाती नाही, आपल्याही नाही. परंतु आपली भूमी कशी असावी, जे उतरेल त्यातून काही उगवावे की नाही, याचा प्रश्न उद्या आपल्यालाच विचारला जाणार आहे.

अल्लाह आपल्या सर्वांवर लाभदायक पाऊस उतरवो, उणिवेच्या दिवसांत धीर आणि सुबत्तेच्या दिवसांत कृतज्ञता देवो, आपल्या हातून त्याच्या सृष्टीचे माप बिघडू न देवो, आणि आपल्या अंतःकरणांना ज्यात बी रुजते अशी भूमी बनवो. आमीन.